दहा दिवसांची आई

आनंदीबाई जोशी यांच्यावर लेख आला नाही असा महाविद्यालयीन वार्षिकांक विरळाच. सातासमुद्रापलीकडे जाऊन डॉक्टर झालेली महाराष्ट्रकन्या, नऊवारी नेसून फिलाडेल्फियाच्या थंडीत शिकलेली विदुषी, एकवीस वर्षांचे अल्पायुष्य. एवढे लिहिले की लेख पुरा होतो. शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेत मीही हेच बोलले होते आणि दुसरे बक्षीस म्हणून एक कंपासपेटी मिळवली होती. त्या भाषणात एक वाक्य होते. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला, तो दहा दिवसांत दगावला आणि त्या दुःखातून त्यांनी डॉक्टर होण्याचा निश्चय केला, असे ते वाक्य. ते मी एका दमात म्हणून टाकत असे. कारण पुढे अमेरिकेचा भाग होता आणि टाळ्या तिथे पडत.

हा लेख त्या एका वाक्याविषयी आहे. बाकीचे चरित्र सांगणारच आहे, पण त्या वाक्यापाशी थोडे थांबून.

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. कल्याणच्या जोशी घराण्यात 31 मार्च 1865 रोजी त्यांचा जन्म झाला. वडील गणपतराव, आई गंगाबाई. घराणे एके काळी सधन होते. पुढे ती श्रीमंती ओसरली आणि वाडा तेवढा उरला. वडिलांचा या मुलीवर जीव होता. आईचे मात्र तसे दिसत नाही. आई आपल्याशी कधी मायेने बोलली नाही आणि शिक्षा करताना हाताशी येईल ते, काठी, दगड, प्रसंगी जळता निखारासुद्धा वापरी, असे आनंदीबाईंनी स्वतःच पुढे सांगून ठेवले आहे. कॅरोलाइन हीली डॉल या अमेरिकन लेखिकेने 1888 साली त्यांचे पहिले चरित्र प्रसिद्ध केले, त्यात ही हकीकत आली आहे. आपल्या शालेय पुस्तकांत ती येत नाही. आई म्हणजे वात्सल्यसिंधू हे एकदा ठरवून टाकल्यावर असल्या आईचे करायचे काय, हा प्रश्न पुस्तक मंडळालाही पडला असावा.

गंगाबाईंना मी इथे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या त्या घरात बायकांचे आयुष्य बाळंतपणांच्या मोजणीत जाई आणि मनाची विचारपूस करण्याची चाल नव्हती. त्या बाईच्या चेहऱ्यावर लेकीला माया दिसली नाही, एवढेच आपल्याला लेकीकडून कळते. चेहऱ्यामागे काय होते ते विचारणारा त्या वाड्यात कोणी नव्हता. हे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

यमुनेचे लग्न वयाच्या नवव्या वर्षी, 1874 साली, गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव पोस्टात कारकून, बिजवर, वयाने तिच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठे. बायकोला शिकवायचे हे एक वेड त्यांनी डोक्यात घेतले होते. त्यांनी तिचे नाव आनंदी ठेवले आणि अभ्यास सुरू केला. या गृहस्थांबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, ते नसते तर आनंदीबाई घडल्याच नसत्या. दुसरा त्यांच्या छळाची यादी वाचतो. दोन्ही खरे आहे हीच अडचण आहे. लाकूड फेकून मारणे, खुर्ची अंगावर भिरकावणे, सोडून जाण्याची धमकी देणे, या गोष्टींची आठवण आनंदीबाईंनी अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात करून दिली आहे. आणि त्याच पत्रात, शेवटी जे साधले त्याच्या हिशेबाने हे योग्य म्हणावे की बालमनाच्या हिशेबाने अयोग्य म्हणावे, याचा काथ्याकूटही केला आहे. असा काथ्याकूट करणारी बाई मला त्या फोटोतल्या डॉक्टरीणबाईंपेक्षा जास्त जवळची वाटते.

1878 साली त्यांना मुलगा झाला. तेव्हा आनंदीबाईंना चौदावे वर्ष चालू होते. आज त्या वयाची मुलगी आठवीत असते.

मूल दहा दिवस जगले. वैद्यकीय मदत नीट मिळाली असती तर वाचले असते, ही खंत पुढे आनंदीबाईंच्या बोलण्यात आणि संकल्पात राहिली. दहा दिवस म्हणजे आपल्याकडे सोयराचे दिवस. बाळंतीण वेगळ्या अंधाऱ्या खोलीत. शेगडी, धुरी, दारापाशी विळा किंवा कडुनिंबाचा डहाळा. पाचवीची पूजा, सहाव्या रात्री सटवाई येऊन कपाळी लिहून जाणार म्हणून जागरण. आणि सोयर फिटले की बाराव्या दिवशी बारसे. जुन्या घरांतून चालत आलेली रीत ही. म्हणजे त्या मुलाने या जगात पाहिले असेल ते बहुतांशी त्या खोलीपुरतेच, आणि तिथे सर्वांत जवळ असलेली वस्तू म्हणजे एका चौदा वर्षांच्या मुलीचा चेहरा.

नुकत्या जन्मलेल्या बाळाला फार लांबचे दिसत नाही. वीस-तीस सेंटिमीटर अंतरावरचे त्याला त्यातल्या त्यात बरे दिसते. आणि पदराखाली पीत असलेल्या बाळाचे डोळे व आईचा चेहरा यांत अंतर असते ते साधारण एवढेच. दोन डोळे, एक तोंड अशा मांडणीकडे ते पहिल्या दिवसांपासून मान वळवते. ओळखीचे हसू दीड-दोन महिन्यांनी येते. हसरा चेहरा आणि कोरा चेहरा यांतला फरक पाचव्या महिन्याच्या सुमारास कळू लागतो, आणि सातव्या महिन्यात घाबरलेला चेहरा दिसला तर बाळ हसऱ्या चेहऱ्यापेक्षा त्याच्याकडे अधिक वेळ बघत राहते. आई घाबरली आहे, अर्थात काही तरी आहे, एवढे शहाणपण त्याला तेव्हा येते.

हे सारे पुढच्या काळातले संशोधन. पण त्याची सुरुवात नेमकी आनंदीबाईंच्या काळातच झाली, हा योगायोग मला विलक्षण वाटतो. चार्ल्स डार्विनने 1872 साली माणसाच्या आणि जनावरांच्या भावमुद्रांवर ग्रंथ लिहिला आणि 1877 साली आपल्या थोरल्या मुलाच्या बाळपणाची टिपणे एका इंग्रजी नियतकालिकात छापली. टिपणे जुनी होती, मूल 1839 साली जन्मले होते. त्यांत एक नोंद अशी की, बाळ सहा महिन्यांचे होऊन थोडेच दिवस झाले असताना त्याच्या दाईने खोटे खोटे रडून दाखवले, आणि बाळाचा चेहरा एकदम उदास होऊन ओठांचे कोपरे खाली ओढले गेले. रडणे म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवले नव्हते. 1877 साली डार्विन हे छापतो; त्याच्या पुढच्या वर्षी आपल्याकडे एक मूल कुणाचा चेहरा वाचण्याइतके मोठे होण्याआधीच जाते.

आनंदीबाईंकडे परत येण्यापूर्वी मला दुधनीला जाऊन यावे लागेल, कारण ते एक वाक्य मी एका दमात म्हणेनाशी झाले ते तिथे.

दुधनी हे आमचे गाव, अक्कलकोट तालुक्याच्या अगदी कडेला. पलीकडे कर्नाटक. बाजारात तुरीचा भाव एकाच वाक्यात मराठीत विचारतात आणि कानडीत ठरवतात. बाळंतिणीला आमची आजी बाणंती म्हणते. काही वर्षांपूर्वी थोरली ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. कशाची उणीव नव्हती. शेक-शेगडी झाली, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, अंगाला तेल लावायला बाई, सारे रीतीप्रमाणे झाले. पहिल्या आठवड्यात ताई कारण नसताना रडे. आजी म्हणाली, ओली बाळंतीण आहे, चालायचेच. तेही बरोबरच होते. पुष्कळ जणींना ते होते आणि पंधरा दिवसांत ओसरते.

ताईचे ओसरले नाही. रडणे थांबले खरे, पण त्याच्या जागी काहीच आले नाही. ती मुलीला वेळेवर पाजी, लंगोट बदली आणि पाजताना भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत बसे. मुलगी झोपली तरी ही जागी. पुढे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मुलगी आजीच्या बांगड्यांकडे बघायची, छताच्या पंख्याकडे बघायची. ताईने उचलले की मान दुसरीकडे. शेजारच्या काकू कौतुक करीत, किती शांत पोर आहे, म्हणून. दृष्ट काढून झाली, अंगारा झाला, एका दवाखान्यातून रक्तवाढीच्या गोळ्या आल्या. आणि सुट्टीत घरी गेले असता मी, वक्तृत्वात बक्षीस मिळवणारी मी, ताईला म्हणाले की एवढे सगळे असताना तुला रडायला झाले तरी काय? तिने माझ्याकडे पाहिले आणि ती पुन्हा दिनदर्शिका बघू लागली.

त्यानंतर मानसशास्त्राच्या तासाला सरांनी एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन संशोधकाचा प्रयोग सांगितला. त्यावरचा शोधनिबंध 1978 साली प्रसिद्ध झाला. प्रयोग साधा आहे. आईने बाळाशी नेहमीसारखे खेळायचे, मग अवघी दोन-तीन मिनिटे चेहरा दगडासारखा ठेवायचा. हसायचे नाही, बोलायचे नाही, नुसते बघायचे. आया सगळ्या चांगल्या धडधाकट होत्या, फक्त सांगितल्यावरून तसे करीत होत्या. बाळ प्रथम हसून पाहते, हात पुढे करते, आवाज काढते, पुन्हा हसून पाहते. काही केल्या तो चेहरा हलेना तेव्हा ते मान फिरवते आणि आपल्यातच मिटून जाते. सर पुढे काय बोलले ते मला ऐकू आले नाही. शनिवारच्या गाडीने मी दुधनी गाठली.

नंतर मी या विषयावर मिळेल ते वाचले. 2011 साली मार्क बॉर्नस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच महिन्यांच्या बाळांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला आहे. लहान मुलाला विचारता येत नाही. तेव्हा त्याच्या कंटाळ्याचा उपयोग करून घेतात. एकच चित्र पुन्हा पुन्हा दाखवले की बाळ कंटाळून नजर काढून घेते. मग चित्र बदलायचे. बदल कळला तर ते पुन्हा टक लावून बघते, कळला नाही तर नाही. या प्रयोगात काही बाळांना एका बाईचा कोरा चेहरा आणि काहींना तिचाच हसरा चेहरा कंटाळा येईतो दाखवला आणि मग दोन्ही चेहरे दाखवले. निरोगी आयांच्या बाळांनी कोरा आणि हसरा यांतला फरक ओळखला. प्रसूतीनंतरच्या नैराश्याने आजारी असलेल्या आयांच्या बाळांनी तो ओळखला नाही. डोळ्यांत दोष नव्हता. ज्या चेहऱ्यावर हसू येते-जाते असा चेहरा त्यांना पुरेसा बघायलाच मिळाला नव्हता, असा मी त्याचा अर्थ लावते. भाषा कानावर पडल्याशिवाय येत नाही, तसेच हेही असावे. टिफनी फील्ड यांनी तर 1988 साली असे दाखवले होते की अशी बाळे अनोळखी, हसतमुख बाईसमोरही मलूलच वागतात. घरी शिकलेली उदासी ती बरोबर घेऊन येतात.

हे वाचून आईलाच दोष द्यायला धावणारे लोक मला माहीत आहेत, म्हणून सांगते. नैराश्य हा आजार आहे, स्वभाव नव्हे. आई बरी होते तसे मूलही सावरते. आणि घरात दुसरे बोलके चेहरे असले तर तेवढ्यापुरते तेही कामाला येतात. आमच्या आजीच्या बांगड्या वाजत होत्या म्हणून बरे.

असो. 1878 सालच्या त्या खोलीकडे वळू.

आनंदीबाईंना हा आजार झाला होता असे मी मुळीच म्हणणार नाही. मूल गेल्याचे दुःख वेगळे आणि हा आजार वेगळा. शिवाय दीडशे वर्षांपूर्वीच्या बाळंतिणीची नाडी इथून बघणे हा आगाऊपणा होईल. पण दोन गोष्टी निश्चित आहेत. जिला आपल्या आईच्या चेहऱ्यावर माया दिसली नव्हती ती मुलगी, वय वाढायच्या आतच आई झाली, आणि दहा दिवसांत ते आईपण संपले. नवराच गुरू, अन् तोही मारणारा गुरू. मनातले सांगावे असे माणूस नव्हते.

ते माणूस मिळाले, आणि कसे, तर टपालाने! गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणाची सोय अमेरिकेत होईल काय म्हणून एका मिशनऱ्याला पत्र लिहिले होते. ते पत्र एका मिशनरी मासिकात छापून आले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर या बाईंनी 1880 साली दातांच्या डॉक्टरकडे वाट बघत बसल्या असताना ते मासिक चाळले. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. तिकडून उत्तर गेले. तीन वर्षे ही पत्रे चालली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. आपल्याकडे माय मरो अन् मावशी जगो म्हणतात. इथे माय जिवंत असतानाच मावशी शोधावी लागली. या पत्रांतून देवाधर्माच्या, रीतीभातींच्या, बालविवाहाच्या आणि प्रकृतीच्या गोष्टी येतात. चेहरा न पाहिलेल्या बाईशी ही मुलगी जितकी मोकळी झाली तितकी घरात कुणाशी झाली असेल असे वाटत नाही.

पुढचा भाग सर्वांना पाठ आहे, तो भरभर सांगते. गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असा प्रवास झाला. 24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात, म्हणजे बंगालमधल्या श्रीरामपूरच्या, त्यांनी जाहीर भाषण करून आपण अमेरिकेला का जातो ते सांगितले. स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी, पुरुष डॉक्टरला दुखणे सांगण्यापेक्षा त्या मरण पत्करतात, हे त्यांचे मुख्य म्हणणे होते. हे म्हणणे मांडणारी बाई स्वतः त्या वाटेने जाऊन आली होती. 7 एप्रिलला कलकत्त्याहून त्यांचे जहाज निघाले. नवरा बरोबर नव्हता. 4 जूनला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर मावशी उभ्या होत्या. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्याच वर्षी प्रवेश मिळाला. रेचेल बॉडली या तिथल्या प्रमुख. थंडी, अपुरा शाकाहार आणि बिघडत गेलेली प्रकृती यांना तोंड देत त्यांनी तीन वर्षे काढली आणि 11 मार्च 1886 रोजी पदवी घेतली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

त्या पदवीसाठी त्यांनी प्रबंधाचा विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. या निवडीचे कारण देताना लोक देशाभिमान सांगतात. ते असेलही. पण ज्या मुलीचे मूल दहा दिवसांत गेले तिने शरीराच्या साऱ्या शास्त्रातून बाळंतपण निवडावे, यात मला देशाभिमानाच्या आधीचे काही तरी दिसते. आमच्या चरित्रकारांनी ते मूल एका वाक्यात आटोपले. तिने त्यावर प्रबंध लिहिला.

आपल्या जुन्या ग्रंथांत या विषयावर काही नव्हते असे नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आईचे दूध कशाने आटते ते सांगताना क्रोध आणि शोक यांच्याबरोबर अवात्सल्य असा शब्द येतो. माया न वाटणे. ही नीतीची चूक म्हणून तिथे आलेली नाही, दूध आटण्याच्या कारणांमध्ये आली आहे, म्हणजे वैद्याच्या कक्षेत आली आहे. इकडे युरोपातही पॅरिसच्या लुई-व्हिक्टर मार्से या डॉक्टराने गरोदर आणि बाळंत स्त्रियांच्या मानसिक विकारांवर 1858 साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. बाळंतपणातले वेड हे नाव त्या काळच्या डॉक्टरांना परिचित होते. पण वेड म्हणजे आरडाओरडा, भ्रम, दोरीने बांधून ठेवावे लागणे. दिनदर्शिकेकडे बघत बसणारी बाई कुणाच्या पुस्तकात सहजी बसत नव्हती. ती उठत होती, कामे करीत होती, पाजत होती. तिला आजारी कोण म्हणणार? तिची दखल घ्यायला पुढची शंभर वर्षे गेली. एडिंबरोच्या नावाने ओळखली जाणारी दहा साध्या प्रश्नांची चाचणी 1987 साली आली. अलीकडे हसू येते का, उगाच स्वतःला दोष देता का, झोप लागत नाही का, अशा धर्तीचे ते प्रश्न. दहा मिनिटांचेही काम नाही.

पदवीनंतर आनंदीबाईंची नेमणूक कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर झाली. त्या तिथे रुजू होऊ शकल्या नाहीत. 1886 च्या नोव्हेंबरात त्या मुंबईत उतरल्या त्याच क्षयाने खंगलेल्या. पुण्यात 26 फेब्रुवारी 1887 रोजी त्यांचे निधन झाले. बाविसावा वाढदिवस महिन्यावर आला होता. त्यांच्या अस्थी मावशींकडे अमेरिकेत पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पॉकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. कल्याणच्या मुलीला शेवटची जागा मिळाली ती पत्रातून जोडलेल्या मावशीच्या घरच्या माणसांत. काशीबाई कानिटकरांनी पुढे मराठीत त्यांचे चरित्र लिहिले, श्री. ज. जोशी यांची कादंबरी 1968 साली आली. बहुतेकांना आनंदीबाई ठाऊक आहेत त्या या कादंबरीतून आणि तिच्यावरच्या नाटकातून.

कोल्हापूरच्या त्या विभागात त्या दहा-वीस वर्षे काम करू शकल्या असत्या तर काय झाले असते, हा खेळ मी खेळणार नाही. जे झाले ते सांगते. 2002 साली गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयातल्या 270 गरोदर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला होता. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी पाहिले तर 23 टक्के स्त्रिया नैराश्याने आजारी. त्यांच्यापैकी बऱ्याच जणी बाळंत होण्याच्या आधीपासूनच त्रासात होत्या. कारणे शोधली तर गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मारहाण, आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी. यांतली शेवटची दोन कारणे शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. पुढच्याच वर्षीच्या निबंधात त्यांच्या बाळांची हकीकत आली. सहाव्या महिन्यात या आयांची बाळे वजनाने आणि उंचीने मागे होती आणि बुद्धीच्या वाढीतही मागे. इलाजाचाही प्रयत्न तिथेच झाला. गावातल्याच साध्या बायकांना शिकवून तयार केले आणि त्यांनी गरोदरपणापासून घरी जाऊन बोलत राहायचे. 2019 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि बरे होणाऱ्यांचे प्रमाण त्याने वाढलेले दिसले. टपालाने आलेल्या मावशीचे काम या बायका दारात येऊन करीत होत्या, असे मला ते वाचताना वाटले.

ताईला बाबांनी सोलापूरला मानसोपचार डॉक्टरांकडे नेले. आजीचा विरोध होता, वेड्यांच्या डॉक्टरकडे बाणंतीला न्यायचे म्हणून. पण गाडीत मुलीला मांडीवर घेऊन बसली तीच. पाजणाऱ्या आईला चालतील अशा गोळ्या मिळाल्या आणि दर पंधरा दिवसांनी जाऊन बोलायचे ठरले. एका रात्रीत काही झाले नाही. दीड-दोन महिन्यांनी एकदा ताई मुलीला पाजत असताना मुलीने दूध सोडले, मान मागे टाकून वर बघितले आणि बघतच राहिली. ताईला ते लक्षातही आले नव्हते. आजीने कानडीत मला गप्प राहायला सांगितले.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो ताईला वाचायला दिला. तिच्याविषयीचा भाग छापू का, असे विचारायचे होते. तिने तो भाग वाचला, छाप म्हणाली. मग मागे जाऊन पुन्हा आनंदीबाईंच्या दहा दिवसांचा मजकूर वाचला आणि मला विचारले, अकराव्या दिवशी तिला दूध येत असेल ना? ते तिने कुठे टाकले असेल?